आपले ताट : एका पौर्णिमेस एक बदल



स्मरणिकेत शिक्षण, संघटन, नोकरी आणि धम्माचरण या विषयांवर लेख येतच असतात. आम्ही येथे त्यामानाने साधा वाटणारा विषय घेतला आहे. तो म्हणजे आपले रोजचे जेवण. विषय साधा असला तरी किरकोळ नाही. वरोर, चिंचणी, वाढवण, धाकटी डहाणू या किनारपट्टीच्या गावांत आज कोणत्याही वस्तीत जा, कोणाच्या ना कोणाच्या घरी साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या फळीवर ठेवलेल्या असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, तर सुमारे ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. हा शेठजींचा आजार, आपल्यासारख्या कष्टकऱ्यांना तो शिवत नाही, असे म्हणण्याचे दिवस आता गेले.

ज्या घरात एकच कमावता हात आहे, तो हात चाळिशीत थकला तर मुलामुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबते. डोळ्यांना अंधारी आलेला कारागीर काम करू शकत नाही. म्हणून जेवणाचा प्रश्न हा आपल्या प्रगतीचाच प्रश्न आहे असे आम्ही मानतो.

मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तो भाग आज आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे आणि तेथील डोंगरपाड्यांतील कुपोषण अजून संपलेले नाही. एकाच जिल्ह्यात एकीकडे लेकरांना पुरेसे अन्न नाही आणि दुसरीकडे जेवणामुळेच माणसे आजारी पडत आहेत. यास्तव पुढे जे 'कमी करा' असे सांगितले आहे, ते वाढत्या मुलांसाठी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी किंवा क्षयरोगाच्या रुग्णांसाठी नाही. त्यांच्या ताटातील एक घासही कमी करावयाचा नाही.

ताट कसे बदलले?

आपल्या भागातील जुने ताट आठवून पाहा. तांदळाची किंवा नागलीची भाकर, वालाची उसळ, ओले किंवा सुके बोंबील, जवळा, करंदी, ओहोटीला खडकात मिळणारी कालवे आणि चिंबोऱ्या, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळी यांसारख्या रानभाज्या, सकाळी पेज किंवा आंबील. जुने ते सर्व सोने असे आम्ही म्हणत नाही. त्या ताटात कस होता, परंतु पुष्कळांना ते पोटभर मिळत नव्हते. अर्धपोटी राहणे ही काही आरोग्याची साधना नव्हे.

पुढे दिवस पालटले. शेतावर आणि खाडीवर राबणारी मुले डायमेकिंगच्या कामाला लागली. दागिन्यांच्या साच्यांचे हे बारीक काम आपल्या पट्ट्यातील घराघरांत पोहोचले आणि त्याने पुष्कळांना चार पैसे दिले, ही समाधानाची बाब आहे. पण या कामात माणूस दहा-दहा तास मान खाली घालून एका जागी बसतो. कोणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून कोणी पहाटे वाणगाव गाठून मुंबईकडे निघतो. अंगमेहनत घटली, जेवणाची वेळ मोडली आणि भाताचा ढीग मात्र नांगर धरणाऱ्याचाच राहिला. त्यात भर पडली ती दिवसातून पाच वेळा चहाची, वडापावची, फरसाणाची, मुलांच्या हातातील पाच रुपयांच्या पाकिटांची आणि पाहुणा आला की आणावयाच्या थंड पेयाच्या बाटलीची.

येथे नीट लक्ष द्यावयाची गोष्ट अशी की, यातील काहीही एका दिवसात झाले नाही. कोणीही एके सकाळी उठून 'आजपासून मी नागली सोडतो आणि बिस्किटे खातो' असा संकल्प केला नव्हता. आज एक चहा वाढला, उद्या भाकरीऐवजी पाव आला, परवा पेजेच्या जागी बिस्किटाचा पुडा आला. ताट असे थोडेथोडे करून बिघडले. ते सुधारावयाचे असेल तर त्याच वाटेने, थोडेथोडे करूनच सुधारेल.

राजा पसेनदीचे भोजन

आहार हळूहळू बदलण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच त्रिपिटकात आहे. संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात दोणपाक नावाचे छोटे सुत्त आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी हा एका वेळेस द्रोणभर तांदळाचा भात खात असे. असाच एकदा भरपूर जेवून, धापा टाकीत तो भगवंतांच्या भेटीस आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी एक गाथा सांगितली. तिचा आशय असा की, जो मनुष्य जागरूक राहून मिळालेल्या अन्नात मात्रा जाणतो, त्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश वृद्ध होतो आणि त्याचे आयुष्य सांभाळले जाते.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करावयास सांगितले आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले. त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण मिळू लागले. पुढे राजाचे जेवण क्रमाक्रमाने द्रोणावरून नाळीभर तांदळावर आले. नाळी हे द्रोणापेक्षा पुष्कळच लहान माप होय. राजाचे शरीर हलके झाले आणि त्याने भगवंतांबद्दल कृतज्ञता व्यक्त केली.

हा बदल घडला कसा, हे अट्ठकथेत सांगितले आहे. राजा शेवटचा घास उचलू लागला की गाथा म्हणावयाची. ती ऐकून राजा तो घास ठेवून देई. त्या घासात जितकी शिते असतील तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवावयाचे. रोज फक्त एक घास!

या कथेतून आम्हास तीन धडे दिसतात. पहिला, भगवंतांनी राजाला उपाशी राहावयास सांगितले नाही, भात वर्ज्य करावयासही सांगितले नाही. केवळ मात्रा जाणावयास सांगितले. दुसरा, राजाने स्वतःच्या निग्रहावर सर्व भार टाकला नाही, तर आठवण करून देणारा माणूस जवळ ठेवला. तिसरा धडा सर्वांत व्यवहाराचा आहे. घास ताटात कमी झाला एवढ्यावर काम थांबले नाही, दुसऱ्या दिवशी तो पातेल्यातच कमी झाला. आपण बहुतेक वेळा जिभेशी लढतो आणि हरतो. बदल करावयाचा तो जिभेवर नव्हे, तर पातेल्यात, साखरेच्या डब्यात आणि वाण्याच्या यादीत करावयाचा असतो. जे शिजलेच नाही ते वाढलेही जात नाही.

भिक्खूसंघाच्या बाबतीतही भगवंतांनी हीच रीत ठेवली होती. मज्झिम निकायातील लटुकिकोपम सुत्तात उदायी स्थविर सांगतात की, भगवंतांनी प्रथम दुपारनंतरचे भोजन सोडावयास सांगितले आणि नंतर काही काळाने रात्रीचे भोजन सोडावयास सांगितले. दोन्ही वेळा आपल्याला वाईट वाटले होते, हेही ते मोकळेपणाने सांगतात. ज्यांनी घरदार सोडले त्यांनाही जेवणाची सवय सोडणे जड गेले, मग आपणासारख्या संसारी माणसांना जड जाणारच.

एकदम सोडावयाचे आणि हळूहळू कमी करावयाचे

कोणी विचारील की, बाबासाहेबांनी महाडला तर हळूहळू असे म्हटले नव्हते. प्रश्न रास्त आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे यांचा त्याग करण्यास सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी गावोगाव ते मानले. भूक समोर असताना मानले. अन्नाच्या बाबतीत एवढा मोठा निश्चय करणारा समाज क्वचितच दिसेल. तो निश्चय स्वाभिमानाचा होता. जे अन्न माणसाला हीन ठरवते त्याचा थोडा भाग ठेवून चालत नाही.

आजही काही गोष्टी तशाच आहेत. दारू, गुटखा, तंबाखू यांची 'योग्य मात्रा' नसते. त्या सोडावयाच्याच. (मात्र जो अनेक वर्षे रोज पीत आला आहे, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, कारण एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो.) परंतु भात, मीठ, तेल, साखर यांचे तसे नाही. त्यांत अपमान नाही आणि त्यांतील बहुतेकांवाचून चालतही नाही. येथे दोष पदार्थात नसून मात्रेत आहे. म्हणून येथे महाडचा निश्चय आणि पसेनदीचा क्रम, दोन्ही हवेत. निश्चय नसेल तर क्रम सुरू होत नाही, आणि क्रम नसेल तर निश्चय आठ दिवसांत मोडतो.

एक पौर्णिमा, एक बदल

पौर्णिमेला आपण वंदनेसाठी विहारात एकत्र येतो. तोच दिवस धरून आम्ही पुढील क्रम सुचवीत आहोत. एका पौर्णिमेस एकच बदल घ्यावा. महिनाभर तो अंगवळणी पडू द्यावा आणि मगच दुसऱ्यास हात घालावा.

१) वैशाख : चहातील साखर. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, एक चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ५० ग्रॅम आणि महिन्याला दीड किलो साखर एकट्या माणसाच्या पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास असावी. म्हणजे सारी मर्यादा चहातच संपली! पहिले पंधरा दिवस कपामागे अर्धा चमचा कमी करा, पुढचे पंधरा दिवस आणखी अर्धा. जीभ एवढ्याची तक्रार फार दिवस करीत नाही. कारखान्यात सर्वांचा चहा एकत्र येतो, तेथे टपरीवाल्याला सर्वांनी मिळून 'साखर कमी' सांगावे. एकट्याने सांगितले तर चेष्टा होते, दहाजणांनी सांगितले तर तीच पद्धत होते.

२) ज्येष्ठ : मीठ. मासेमारी बंद असते, घरात सुकी मासळी येते. वलांडीवर उन्हात सुकवलेले बोंबील आणि मीठ लावून मुरवलेले खारे मासे यांत फरक आहे. खारे मासे भिजवून पाणी टाकून द्यावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभरही नाही, एवढेच मीठ असावे असे सांगितले जाते. ताटाच्या कडेला मीठ वाढण्याची पद्धत प्रथम बंद करावी. लोणचे आणि पापड एकाच जेवणात दोन्ही नकोत.

३) आषाढ : हिरवी भाजी. पावसाबरोबर रानभाज्या येतात. आदिवासी भगिनी त्या टोपलीतून बाजारात आणतात. त्यांच्याकडून आठवड्यातून दोनदा भाजी घ्यावी आणि ती कशी करावयाची हेही त्यांनाच विचारावे. शेवळी नीट न शिजवल्यास घसा खाजतो, म्हणून तीत काकडाची आंबट फळे घालतात. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि त्यांच्या हातात जास्त आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी आणि सुमारे २५० ग्रॅम धान्य सांगितले आहे. आपल्या ताटात हे प्रमाण बहुधा उलटे असते.

४) श्रावण : भात आणि नागली. रेशनवर तांदूळ मिळतो, तो सोडा असे कोण म्हणेल? फक्त पसेनदीचा उपाय करावा. रोजच्या मापातून एक मूठ तांदूळ काढून वेगळ्या डब्यात टाकावा. मूठ ४० ग्रॅमची धरली तर महिन्याला १ किलो २०० ग्रॅम तांदूळ जमतो. तो विहारात आणून द्यावा आणि ज्या घरात लेकरांना खरोखरच कमी पडते तेथे पोहोचवावा. पूर्वीच्या मूठभर धान्याच्या प्रथेला असा नवा अर्थ येईल. भाकरीच्या पिठात प्रथम चौथा हिस्सा नागली मिसळावी. एकदम निव्वळ नागलीची भाकर केली तर मुले तोंड फिरवतात. १०० ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आतबाहेर. जिला आपण गरिबांचे धान्य म्हणून मागे टाकले, तिच्याच जातीच्या भरडधान्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष साजरे केले. जेवताना आधी भाजी, उसळ किंवा मासळी खावी आणि भात नंतर घ्यावा. त्याने भात आपोआप कमी लागतो.

५) भाद्रपद : तळण. तेलाचा डबा ज्या तारखेला फोडला ती त्यावर लिहावी. माणशी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम म्हटले तर चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलोपर्यंत पुरे होते. डबा लवकर संपत असेल तर तळणाचा एक दिवस कमी करावा. बोंबील कुरकुरीत तळण्याऐवजी आठवड्यातून एकदा कालवणात घालावा. एकदा तळलेले तेल पुन्हापुन्हा तापवू नये.

६) आश्विन : मुलांचा खाऊ. अंगणवाडीची कल्पना ज्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यातून पुढे आली, त्यांनी १९४५ साली आपल्याच तालुक्यातील बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, असा त्यांचा मार्ग होता. खाऊचेही तसेच आहे. पाकीट खाऊ नको असे ओरडून मूल ऐकत नाही. त्याच्या हाताशी, त्याच्या उंचीच्या फळीवर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, उकडलेले रताळे किंवा फळ ठेवले पाहिजे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो चिकू सोडून आपली मुले पिवळी पाकिटे फोडतात हे बरे नव्हे. (मधुमेह असलेल्या मोठ्यांनी चिकू बेताने आणि विचारून खावा.)

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी भात कमी करण्यापूर्वी किंवा उपोसथाचा उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. औषध तेवढेच ठेवून अन्न कमी केल्यास रक्तातील साखर एकदम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते. तीस वर्षांवरील प्रत्येकाने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घ्यावा.

घरातील सुदस्सन कोण?

आहारबदलाच्या गप्पा पुरुष मारतात आणि भार बाईवर पडतो, असे सर्रास घडते. तिनेच कमी तेलात करावे, तिनेच वेगळी भाकर थापावी आणि चव बिघडली म्हणून बोलणीही तिनेच खावी, हे न्यायाचे नाही. म्हणून घरातील सर्वांनी बसून महिन्याचा बदल ठरवावा. तो सासूबाईंनाही लागू आणि रात्रपाळीहून येणाऱ्या मुलालाही लागू. बाजारहाट करणाऱ्याने यादीप्रमाणेच आणावे. आठवण देण्याचे काम घरातील मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. पसेनदीलाही एका तरुणानेच आठवण दिली होती. मात्र आठवण म्हणजे टोमणा नव्हे. एखाद्या दिवशी लग्नात चार घास जास्त गेले तर व्रत मोडले असे समजू नये. दुसऱ्या दिवशीच्या जेवणापासून पुन्हा सुरू करावे.

मंडळाने काय करावे?

घरात कमी आणि कार्यक्रमात भरमसाट, असे असेल तर काही उपयोग नाही. जयंतीच्या मिरवणुकीत रंगीत सरबताऐवजी ताक किंवा साधे थंड पाणी द्यावे. बैठकीत बिस्किटांच्या जागी फुटाणे ठेवावे. बुद्ध पौर्णिमेची खीर बंद करण्याचे कारण नाही. सुजातेच्या खिरीची ती आठवण आहे. वाटी लहान घ्यावी आणि दुसऱ्यांदा आग्रह करू नये. आग्रह म्हणजेच आदरातिथ्य ही समजूत आता सोडली पाहिजे. बाबासाहेबांनाही मधुमेहाने शेवटची अनेक वर्षे छळले होते. त्यांच्या नावाने भरणाऱ्या कार्यक्रमात तरी आपण याचे भान ठेवावे.

आणखी एक विचार. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. आपल्या किनाऱ्याचे, खडकांतील कालवांचे, मासळीचे पुढे काय होणार, ही चिंता मच्छीमार बांधवांना आहे आणि ती आपलीही आहे. ज्या पिढीच्या जिभेला बोंबील, वाल आणि नागली यांची ओळखच नाही, ती पिढी ती शेते आणि तो समुद्र वाचवण्यासाठी कशाला धडपडेल? मुलांच्या ताटात हे अन्न ठेवणे हाही आपला गाव राखण्याचा एक भाग आहे.

भगवंतांनी आपल्या शिकवणीला महासमुद्राची उपमा दिली आहे. समुद्र जसा एकाएकी खोल होत नाही, क्रमाने उतरत जातो, तसे शिक्षणही क्रमाने होते. वरोरच्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ओहोटीला पाण्याकडे चालत गेलेल्या प्रत्येकाने ते पायांनी अनुभवले आहे. प्रथम घोटाभर पाणी, मग गुडघाभर.

तेव्हा येत्या पौर्णिमेस विहारात येताना प्रत्येक कुटुंबाने आपला एक बदल ठरवून यावे आणि पुढच्या पौर्णिमेस तो किती जमला ते सर्वांना सांगावे. जमला नसेल तर तोच आणखी एक महिना चालवावा. सहा पौर्णिमांत सहा बदल झाले तर उत्तमच. तीन झाले तरी आपण जेथे होतो तेथून पुढे आलेले असू.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जयभीम!